सड्यावरचा गडगा आणि हिवाळ्यातला सूर्योदय : ही रेषा मुद्दाम आखलेली आहे, हे कशावरून ठरवावे?

प्रश्न : सड्यावरचा शिक्षक

नमस्कार. मी पन्हाळा तालुक्यातील एका गावात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या गावाच्या वर जो सडा, म्हणजे खडकाळ सपाट माथा आहे, त्याच्या पूर्वेकडील कडेला काळ्या दगडाची एक जुनी भिंत आहे. तिच्यात चुना नाही, मातीही नाही; ओबडधोबड दगड एकमेकांत अडकवून ती रचलेली आहे आणि गावात तिला गडगा म्हणतात. ती कोणी आणि केव्हा रचली, हे कोणालाच सांगता येत नाही. काही जण तिचा संबंध शिलाहारांशी जोडतात, काही जण पांडवांचे नाव घेतात, आणि गावातले वयस्कर गुराखी ‘आमच्या आज्यानंबी ती अशीच बघितल्याली’ एवढेच सांगतात.

या भिंतीचा साठेक मीटर लांबीचा एक तुकडा सरळ आहे. गेल्या डिसेंबरात, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास, काही विद्यार्थ्यांना घेऊन मी पहाटे तेथे गेलो असता सूर्य त्या तुकड्याच्या आग्नेय टोकाच्या रेषेतच, समोरच्या टेकडीमागून वर आला. मोबाइलमधल्या होकायंत्राने त्या रेषेची दिशा उत्तरेकडून पूर्वेकडे मोजली, तेव्हा ती कधी ११३ तर कधी ११६ अंश भरली. कोल्हापूर परिसराचा अक्षांश सुमारे १६.७ अंश धरला, तर अयनदिनी, म्हणजे २१-२२ डिसेंबरला, सूर्य साधारण ११४.५ अंशांवर उगवायला हवा. हा मेळ पाहून विद्यार्थी इतके हरखून गेले की दुसऱ्याच दिवशी ही गोष्ट गावभर झाली.

आता ग्रामपंचायतीने तेथे ‘प्राचीन सौर वेधशाळा’ असा फलक लावायचे ठरवले आहे आणि त्याचा मजकूर मी लिहावा, अशी सरपंचांची इच्छा आहे. मला गावाचा उत्साह मोडायचा नाही. पण मुलांच्या डोळ्यांसमोर कायम राहणाऱ्या फलकावर खात्री नसलेले विधान लिहायला माझे मन धजत नाही. आपल्याकडे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचे, म्हणजे मावळत्या सूर्याचे किरण गाभाऱ्यापर्यंत पोहोचण्याचे उदाहरण आहेच, त्यामुळे आपल्या पूर्वजांना हे ज्ञान नव्हते असे मी मुळीच म्हणत नाही. प्रश्न एवढाच आहे की या विशिष्ट भिंतीबद्दल तसे म्हणता येईल का, आणि त्यासाठी कोणता पुरावा पुरेसा मानावा?

उत्तर : शंकुच्छाया

सर, आपण फलक लावण्याआधी विचारलेत, याचा फार आनंद वाटला. माझा व्यवसाय भूमापनाचा असल्यामुळे मी मोजणीपासून सुरुवात करतो.

होकायंत्राचे आकडे सध्या बाजूला ठेवावेत, असे मी सुचवीन. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतले अंतर फारसे नाही, पण सह्याद्रीच्या काळ्या दगडात लोहखनिज असते आणि बेसाल्टच्या भिंतीला टेकवून धरलेले होकायंत्र सहज काही अंश भरकटते. आपल्याला ११३ ते ११६ असा फरक दिसला, त्यामागे हे कारण असण्याची शक्यता मोठी आहे. भिंतीच्या दोन टोकांचे उपग्रहाधारित स्थान मोबाइलवर घेऊन दिशा काढावी, तर तेही साधत नाही. कारण अशा स्थानात चार-पाच मीटरची चूक नेहमीची असते आणि साठ मीटर लांबीवर तेवढी चूक म्हणजे दिशेत चार-पाच अंशांचा फरक होतो.

खात्रीचा मार्ग जुनाच आहे आणि तो आपल्या विद्यार्थ्यांकडून सहज करून घेता येईल. सकाळी ऊन कोवळे असताना भिंतीच्या एका टोकाला ओळंबा टांगावा, त्याच्या दोरीची सावली जमिनीवर आखावी आणि त्या क्षणाची वेळ मिनिट-सेकंदांसह टिपावी. त्या वेळी सूर्याचे दिगंश (उत्तरेपासून अंशांत मोजलेली दिशा) किती होते, हे गणिताने अंशाच्या लहानशा भागापर्यंत अचूक मिळते. सावलीची रेषा आणि भिंतीची रेषा यांतला कोन मोजला की भिंतीची खरी दिशा हाती येते, आणि तिच्यात होकायंत्राचा काहीच संबंध उरत नाही. हे वेगवेगळ्या वेळी पुन्हा करून सरासरी घ्यावी.

भिंतीची ‘रेषा’ म्हणजे नक्की काय, हेही आधीच ठरवावे लागेल. रचीव भिंतीची बाजू ठिकठिकाणी अर्धा-एक मीटर आत-बाहेर असते. साठ मीटरांवर एक मीटरचा फरक म्हणजे जवळजवळ एक अंश, आणि एक अंश म्हणजे सूर्याच्या दोन बिंबांएवढी रुंदी. तेव्हा मोजणी कितीही काटेकोर केली, तरी ही भिंत स्वतः एका अंशापेक्षा बारीक काही सांगू शकणार नाही.

समोर टेकडी आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून तिची क्षितिजापासूनची उंचीही अंशांत मोजावी. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच उभा चढतो, त्यामुळे टेकडी दोन अंश उंच असेल तर सूर्योदयाची जागा दक्षिणेकडे अर्धा-पाऊण अंशच सरकते. इंग्लंडमधील स्टोनहेंज या उभ्या दगडांच्या प्राचीन वर्तुळाच्या अक्षांशावर सूर्य तिरका चढतो; तिथे तेवढ्याच उंचीने तीन अंशांहून अधिक फरक पडतो. या बाबतीत कोल्हापूरकरांचे काम सोपे आहे.

एक विचारायचे राहिले. संपूर्ण भिंतीत असे सरळ तुकडे किती आहेत आणि त्यांच्या दिशा कोणत्या आहेत?

उत्तर : मंदिरवाचक

शिक्षकांनी किरणोत्सवाचा उल्लेख केला आहे, त्यावर थोडे विस्ताराने लिहिते, कारण हेतुपुरस्सर रचना कशी ओळखावी याचा आपल्या घरातलाच धडा तिथे आहे, आणि त्याकडे पुरेसे बारकाईने पाहिले जात नाही असे मला नेहमी वाटते.

अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून येतात आणि गरुड मंडप, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असे टप्पे ओलांडत गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर किंवा छाती आणि तिसऱ्या दिवशी मुखकमल, असा क्रम परंपरेने सांगितला जातो. अयनदिनाच्या आधी आणि नंतर सुमारे एक्केचाळीस-बेचाळीस दिवसांवर हे दोन गट येतात, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य आकाशाच्या त्याच पट्ट्यात असतो. त्याची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचे त्याचे अंशांतले अंतर, दक्षिणेस सतरा अंशांच्या आसपास असते आणि तो पश्चिम बिंदूच्या दक्षिणेला साधारण अठरा अंशांवर मावळतो. असे असूनही नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या आरंभी साडेसहाच्या सुमारास होतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ यांतला फरक वर्षभर बदलत असल्यामुळे तसे होते. सूर्याची जागा मात्र तीच असते.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो असा. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला सूर्याची दक्षिण क्रांती अनुक्रमे सुमारे १६.८, १७.१ आणि १७.४ अंश असते. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला ती सुमारे १७.४, १७.१ आणि १६.८ अंश असते. म्हणजे नोव्हेंबरातला पहिला दिवस हा फेब्रुवारीतल्या शेवटच्या दिवसाचा जोडीदार आहे, कारण एकदा सूर्य दक्षिणेकडे जात असतो आणि दुसऱ्यांदा उत्तरेकडे परतत असतो. केवळ सूर्याच्या जागेवरून किरण कुठवर चढायचे हे ठरत असते, तर नोव्हेंबरात चरणांपासून मुखापर्यंतचा क्रम असताना फेब्रुवारीत तो उलटा, मुखापासून चरणांपर्यंत दिसायला हवा होता. परंपरा मात्र दोन्ही वेळा एकच क्रम सांगते.

हा परंपरेवरचा आक्षेप आहे, असे कृपया कोणी समजू नये. माझ्या मते याचे उत्तर एकाच संध्याकाळच्या आत दडलेले आहे. सूर्य जसजसा खाली जातो तसतसे किरण अधिक आडवे होतात, त्यामुळे कोणत्याही एका दिवशी ते उंबऱ्यावरून चरणांकडे आणि चरणांवरून वर चढत जातात. ते किती वर पोहोचतील, हे सूर्य क्षितिजाजवळ येईपर्यंत वाट किती मोकळी राहते, यावर अवलंबून आहे. ढग, धूळ, उसाच्या फडातला धूर आणि किरणांच्या मार्गात उभ्या राहिलेल्या इमारती या सर्वांचा त्यात वाटा असतो. सहाही दिवशी किरण कोणत्या मिनिटाला कोणत्या टप्प्यावर होते, ही नोंद अनेक वर्षांची एकत्र मांडली, तर डावी-उजवी सरक ही सूर्याच्या क्रांतीमुळे आणि वर-खाली चढण ही त्याच्या उंचीमुळे, हे वेगळे काढता येईल. किरणोत्सवाच्या मार्गातले अडथळे हटवण्याची मागणी कोल्हापुरात वारंवार होते, तिलाही अशा मांडणीने बळ येईल.

मग हे मुद्दाम केलेले आहे, असे मी का मानते? येथे किरणांना एका लांब आणि अरुंद वाटेने जावे लागते आणि ती वाट वर्षातले मोजके दिवस निवडते. शिवाय सूर्याची क्रांती या काळात रोज सुमारे सतरा कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे बिंबाच्या निम्म्याएवढी बदलते, म्हणून दिवसा-दिवसांतला फरक डोळ्यांना दिसतो. आणखी असे की बांधणाऱ्यांना खरी पूर्व-पश्चिम रेषा काढता येत होती. जमिनीवर वर्तुळ काढून मध्ये शंकू रोवायचा, सकाळी आणि दुपारनंतर त्याच्या सावलीचे टोक परिघाला जिथे शिवते ते दोन बिंदू जोडायचे, ही रीत कात्यायन शुल्बसूत्र या वेदीमापनाच्या प्राचीन ग्रंथात आहे. ज्यांच्या हाती ही रीत होती, त्यांनी प्रकाशाची वाट पश्चिमेपासून इतकी वळवली, तर ती नकळत झालेली चूक मानणे मला कठीण जाते.

तरीसुद्धा एक मर्यादा सांगणे मला आवश्यक वाटते. देवीच्या मूर्तीची पुनर्स्थापना १७१५ मध्ये झाली, आणि गरुड मंडप मागाहून उभा राहिला. म्हणून किरण चरणांना शिवतात की मुखाला, यावरून मूळ बांधकाम करणाऱ्यांच्या मनातले माप काढू नये. वाटेची दिशा हा जुन्या दगडांचा पुरावा आहे, मूर्तीवरचा टप्पा हा नंतरच्या काळाचाही असू शकतो.

प्रश्नकर्त्याचे स्पष्टीकरण : सड्यावरचा शिक्षक

दोघांचेही मनापासून आभार. मंदिरवाचक ताई, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या जोड्यांचा मुद्दा मी दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडणार आहे.

शंकुच्छाया सर, आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो. भिंत सड्याच्या कडेकडेने वळत जाते आणि तिच्यात सरळ म्हणता येतील असे सहा तुकडे आहेत. सूर्याच्या रेषेत आलेला तुकडा त्यांतला एक आहे. बाकीच्यांच्या दिशा मी अद्याप मोजलेल्या नाहीत.

गावातली एक जुनी समजूतही सांगायला हवी. म्हातारी माणसे या जागेला ‘संक्रांतीचा दगड’ म्हणतात आणि संक्रांतीच्या सकाळी तिथे तिळगूळ ठेवण्याची काही घरांची चाल आहे. हा परंपरेचा दुवा पुरावा म्हणून धरता येईल का?

उत्तर : शंकुच्छाया

सहा तुकडे आहेत हे कळल्यावर गणित बरेच बदलते, ते असे.

आपल्या अक्षांशावर वर्षभरात सूर्य ६५.५ ते ११४.५ अंशांच्या दरम्यान उगवतो, आणि मावळतीचा पट्टा त्याच्या बरोबर समोर असतो. कोणतीही रेषा दोन्ही टोकांनी पाहता येत असल्यामुळे कुठल्याही बेताने न रचलेली सरळ भिंतसुद्धा १८० पैकी ४९ अंशांत, म्हणजे चारांत एकापेक्षा जास्त वेळा, वर्षातल्या कोणत्या ना कोणत्या दिवशी सूर्याला गाठतेच. आपण फक्त दोन अयनदिन (वर्षातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दिवस) आणि संपातदिन (दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस) एवढ्याच दिशा महत्त्वाच्या मानल्या आणि प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी दोन अंशांची सवलत दिली, तरी तीन दिशांचे मिळून बारा अंश होतात. एका तुकड्याच्या बाबतीत ही शक्यता पंधरात एक एवढी येते. मात्र तुकडे सहा असतील, तर त्यांतला निदान एक तरी निव्वळ योगायोगाने अशा दिशेत बसण्याची शक्यता तीनात एक होते. चंद्राच्या उगवण्या-मावळण्याच्या टोकाच्या दिशाही यादीत घेतल्या, तर हा आकडा आणखी फुगतो, आणि तेजस्वी ताऱ्यांना प्रवेश दिला की मोजण्यात अर्थच उरत नाही. गेराल्ड हॉकिन्स यांनी १९६० च्या दशकात स्टोनहेंजमधल्या दगडांच्या जोड्यांवरून सूर्य-चंद्राच्या अनेक रेषा दाखवल्या, तेव्हा पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ॲटकिन्सन यांनी घेतलेल्या आक्षेपांत हाही एक होता. पुष्कळ दगडांतून पुष्कळ रेषा निघतात आणि त्यांतल्या काही कुठे तरी जुळणारच. त्याच स्टोनहेंजचा मुख्य अक्ष उन्हाळ्यातला सूर्योदय आणि हिवाळ्यातला सूर्यास्त यांच्या रेषेत आहे, हे मात्र आज सर्वमान्य आहे, कारण ती सगळ्या रचनेची एकच आणि प्रमुख रेषा आहे.

सड्याची कडही विचारात घ्या. भिंत जर कडेला धरून वळत असेल, तर तिची दिशा कड ठरवते, रचणारा नव्हे. पन्हाळ्याची तटबंदी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती कड्याच्या प्रत्येक वळणाबरोबर वळते, आणि तिच्या एखाद्या सरळ भागाच्या टोकाला सूर्य दिसला म्हणून कोणी तिला वेधशाळा म्हणत नाही. आपल्या तुकड्यापाशी कड वेगळ्या दिशेने जात असूनही भिंत तिला सोडून सूर्याकडे वळली आहे का, हे प्रत्यक्ष पाहावे. तसे असेल, तर माझे मत बदलेल.

संक्रांतीविषयी सांगायचे, तर ती परंपरा जपण्यासारखी आहे, पण पुरावा म्हणून ती उलट दिशेने जाते. १४ जानेवारीला सूर्याची दक्षिण क्रांती सुमारे २१.३ अंश असते आणि तो ११२.३ अंशांच्या आसपास उगवतो. म्हणजे अयनदिनाच्या जागेपासून तो दोन अंशांहून अधिक, चार बिंबांएवढा, उत्तरेकडे सरकलेला असतो. एका अंशापर्यंतच अचूक असलेली ही भिंत या दोन दिशांत फरक करू शकते, हे चांगलेच आहे. मोजणीत ती ११२ निघाली तर गावाची आठवण जुळेल, ११५ निघाली तर जुळणार नाही.

येथे एक मोह आधीच टाळायला हवा. मकर संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजली जाते, म्हणून ती अयनदिनापासून सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस या गतीने दूर जात आहे, आणि साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच वेळी येत होती. त्यावरून ‘संक्रांतीचे नाव आणि अयनदिनाची रेषा, म्हणजे भिंत सतराशे वर्षांची’ असा निष्कर्ष कोणी तरी काढील. नाव केव्हाही पडू शकते, त्यामुळे हा निष्कर्ष टिकत नाही. सूर्याच्या दिशेवरूनही वय निघत नाही, कारण पृथ्वीच्या अक्षाचा कल हजार वर्षांत सुमारे ०.१३ अंशच बदलतो आणि रचीव दगडांत तो बदल दिसणे शक्य नाही.

उत्तर : कृष्णाकाठ

मी शिरोळ तालुक्यातील असल्यामुळे खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराची भर घालतो. तेथील स्वर्गमंडपाच्या छतात मोठी गोल मोकळी जागा आहे, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र तिच्यावर येतो म्हणून लोक मोठ्या संख्येने जमतात. हे केवळ श्रद्धेचे विधान नाही, त्याला खगोलशास्त्राचा चांगला आधार आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. कार्तिकी पौर्णिमेला सूर्याची दक्षिण क्रांती बहुधा सोळा ते एकवीस अंशांच्या दरम्यान असते, म्हणून चंद्र तेवढाच उत्तरेला असतो, आणि खिद्रापूरचा अक्षांशही सुमारे १६.७ अंश आहे. त्यामुळे चंद्र जवळपास डोक्यावरून जातो. किरणोत्सवाचा सूर्य आणि कोपेश्वराचा चंद्र हे एकाच भूमितीचे दोन चेहरे आहेत, हे लक्षात आल्यावर मला फार समाधान वाटले होते.

शंकुच्छाया सरांची कसोटी येथेही लावायला हवी. चंद्र सूर्याच्या मार्गापासून पाच अंशांपर्यंत वर किंवा खाली जातो आणि पौर्णिमेची तारीखही दरवर्षी बदलते, त्यामुळे प्रत्येक कार्तिकी पौर्णिमेला तो छतातल्या त्या गोल जागेच्या मध्यावर येईलच असे नाही. शिवाय पौष आणि माघ पौर्णिमेलाही चंद्र काही वर्षी डोक्याच्या तितकाच जवळ येतो, पण त्या रात्री तेथे फारसे कोणी जात नाही. ज्या रात्री अपेक्षा नाही, त्या रात्रीही पाहिले तरच अपेक्षित रात्रीचे महत्त्व कळते. शिक्षकांनी डिसेंबराखेरीज इतर महिन्यांतही सूर्योदय त्या टोकावरून पाहावा. अयनदिनाच्या आसपास सूर्याची क्रांती बरेच दिवस जवळजवळ स्थिर असते, म्हणून १५ डिसेंबरला आणि २९ डिसेंबरलाही त्यांना तेच दृश्य दिसेल. अशी भिंत ऋतू सांगू शकेल, पण नेमका दिवस सांगू शकणार नाही.

उत्तर : खापरी

दिशेबद्दल सर्व काही सांगून झाले आहे; मी काळाबद्दल थोडक्यात लिहिते. गडग्याला चुना नाही आणि त्याच्या दगडांवर घडाई नाही, त्यामुळे त्याचे वय त्याच्याकडे पाहून सांगता येणार नाही. अशा भिंती मध्ययुगात रचल्या गेल्या, ब्रिटिश काळात गायरानाच्या हद्दीसाठी रचल्या गेल्या आणि आजही गुरांसाठी रचल्या जातात. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकडीचे उदाहरण घ्या. तेथे सातवाहन काळात समृद्ध वस्ती होती, हे १९४५-४६ च्या उत्खननातून सांगता आले, कारण मातीच्या थरांत त्या काळाची नाणी आणि खापरे आपापल्या जागी सापडली.

कर्नाटकात विभूतिहळ्ळी आणि हनमसागर येथे रांगांनी मांडलेल्या मोठ्या दगडांची महापाषाणकालीन स्थळे आहेत आणि त्यांचा सूर्याच्या दिशांशी संबंध असावा, असे अभ्यासकांनी मांडले आहे. पण तिथे अनेक समांतर रांगा आहेत आणि जमीन सपाट आहे, म्हणजे दिशा निवडण्याचे स्वातंत्र्य होते. आपल्या गडग्याला ते स्वातंत्र्य होते का, हाच खरा प्रश्न आहे.

माझी एक विनंती आहे. भिंतीच्या पायाशी काही खापरे दिसली तर विद्यार्थ्यांना ती उचलू देऊ नका; जागेवरच फोटो काढा, शेजारी मापपट्टी ठेवा, आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाला पत्राने कळवा. जागेवरून हललेले खापर भिंतीच्या वयाबद्दल काहीही सांगत नाही. फलकासाठी चौथरा बांधायचा असेल, तर पायाचा खड्डा भिंतीपासून बराच दूर घ्यावा, कारण तिच्या वयाचा एकमेव साक्षीदार तिच्या खालच्या मातीत असण्याची शक्यता आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : सड्यावरचा शिक्षक

आपण सर्वांनी दिलेल्या वेळेबद्दल ऋणी आहे. काल सरपंचांशी सविस्तर बोललो. चौथऱ्याचा खड्डा भिंतीलगत घ्यायचे ठरले होते, ते काम त्यांनी लगेच थांबवले. ‘वेधशाळा’ हा शब्द मजकुरातून काढायला ते सुरुवातीला नाखूश होते, पण सहा तुकड्यांचे गणित मी कागदावर मांडून दाखवल्यावर त्यांनी स्वतःच विचारले की मग उरलेल्या पाच तुकड्यांच्या दिशा आधी का मोजू नयेत.

त्याप्रमाणे नववीच्या मुलांचे दोन गट केले आहेत. एक गट ओळंबा आणि सावलीने सहाही तुकड्यांच्या दिशा मोजेल आणि प्रत्येक तुकड्यापाशी सड्याची कड कोणत्या दिशेने जाते, हे त्याच कागदावर लिहील. दुसरा गट समोरच्या टेकडीची उंची मोजेल आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दर पंधरवड्याला सूर्योदयाची जागा टेकडीच्या रेखाचित्रावर खुणेने दाखवील. त्यात संक्रांतीची सकाळ असेलच. दोन्ही गटांनी एकमेकांचे आकडे काम पूर्ण होईपर्यंत पाहायचे नाहीत, असे ठरले आहे.

तूर्त फलकासाठी मी एवढाच मजकूर दिला आहे : ‘ही रचीव दगडी भिंत जुनी आहे. तिचा काळ अद्याप ठरलेला नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिच्या एका भागाच्या रेषेत सूर्योदय दिसतो. कृपया दगड हलवू नयेत.’ शंकुच्छाया सर, आपण पन्हाळ्याकडे येणार असाल तर मोजणीच्या वेळी आपली उपस्थिती मुलांसाठी मोलाची ठरेल. थिओडोलाइट, म्हणजे भूमापनात कोन मोजायचे यंत्र, त्यांनी अजून पाहिलेले नाही.